कचऱ्याच्या डोंगराखालचे पाणी : पुणे महानगरपालिकेच्या आयुक्तांस खुले पत्र

मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका, यांस



उरुळी देवाची आणि फुरसुंगी या दोन गावांच्या शिवारात तीन दशकांहून अधिक काळ पुणे शहराचा कचरा पडत आला आहे. त्यातून उभे राहिलेले डोंगर उकरून, चाळून, त्यांतील माती, प्लास्टिक आणि दगडविटा निरनिराळ्या करून ती जमीन मोकळी करण्याचे काम गेली काही वर्षे आपल्या महानगरपालिकेने चालविले आहे, याबद्दल प्रत्येक पुणेकराला समाधान वाटले पाहिजे. परंतु डोंगर हलला की प्रश्न मिटला, असा जो समज या कामाच्या निमित्ताने रूढ होऊ पाहत आहे, तो वेळीच दूर व्हावा आणि डोळ्यांना दिसणाऱ्या कचऱ्याइतकीच, त्याच्या तळाशी खडकाच्या भेगांतून कोणाच्याही नजरेस न पडता वाहणाऱ्या पाण्याची दखल आपण घ्यावी, एवढ्या एकाच विनंतीसाठी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. कचरा किती टन आला आणि किती टन उचलला याचा हिशेब दप्तरी राहतो. त्या कचऱ्यातून उतरलेले पाणी कोणीकडे गेले, कशाने दूषित झाले आणि कोणाच्या विहिरीत पोहोचले, याचा सलग, तारीखवार आणि कोणालाही पाहता येईल असा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे ठेवला गेला पाहिजे, हे माझे सांगणे आहे.

सुमारे १६३ एकरांचा हा कचरा डेपो ज्या भूमीवर आहे ती ओसाड किंवा निर्जन नव्हती. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याचा निरोप घेऊन हडपसरवरून दिवेघाटाकडे निघते ती याच उरुळीवरून. येथे शेती होती, गुरेढोरे होती, आणि पिण्यास व ओलितास पुरतील अशा विहिरी होत्या. त्या विहिरींचे पाणी तोंडात घालण्याजोगे राहिले नाही म्हणून गावांना वर्षानुवर्षे टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले, मोर्चे निघाले, आणि दाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेली. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली आणि ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या, तेव्हा शहरातील रस्त्यांवर कचरा साचला आणि साऱ्या पुण्याला या गावांची आठवण झाली. आगीचा बंदोबस्त करता येतो, कारण ती दिसते. विहिरीच्या पाण्यात हळूहळू होणारा बिघाड मोजल्यावाचून दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होणेही कठीण जाते. म्हणूनच या मोजणीची बाजू कोणीतरी आग्रहाने मांडणे अगत्याचे आहे.

प्रथम प्रमाणाचा विचार करू. पुण्याच्या परिसरात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १६३ एकर म्हणजे सुमारे ६६ हेक्टर. एवढ्या क्षेत्रावर वर्षभरात पडणारे पाणी ४६ कोटी लिटरांच्या घरात जाते. यातले पुष्कळसे ओढ्यानाल्यांनी वाहून जाते, पुष्कळसे उन्हाने उडून जाते, आणि सगळ्याच क्षेत्रावर उघडा कचरा पसरलेला नाही हेही खरे. तरीही जो अंश कचऱ्यात मुरतो, तो कुजणाऱ्या द्रव्यांतील आम्ले, अमोनिया, क्लोराइड आणि नाना प्रकारचे क्षार, लोखंड-मँगनीजसारखे धातू आपल्यात सामावून घेत तळाकडे उतरतो. अभियंते ज्याला लीचेट म्हणतात ते काळे पाणी हेच. ताज्या कचऱ्यातून निघणारे लीचेट आम्लधर्मी आणि सेंद्रिय द्रव्यांनी लदलेले असते. कचरा जुना झाला म्हणजे ही सेंद्रिय द्रव्ये ओसरतात, पण अमोनिया मात्र दशकानुदशके टिकून राहतो. तेव्हा जुना कचरा आता निरुपद्रवी झाला असेल, या कल्पनेला रसायनशास्त्राचा आधार नाही.

हे पाणी तळाशी पोहोचल्यावर काय करते, ते खालच्या खडकावर अवलंबून आहे, आणि येथेच आपल्या दख्खनच्या भूमीची गोष्ट इतर ठिकाणांहून निराळी होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हे पठार बनले. विहीर खोदणाऱ्याला हे थर तोंडपाठ असतात: वर माती, तिच्याखाली मुरूम, मग कोठे पोकळ्यांनी भरलेला ठिसूळ मांजऱ्या खडक, कोठे टणक काळा पाषाण, आणि दोन थरांच्या सांध्यात मधूनमधून लालसर गेरूचा पट्टा. मुरमातून पाणी सहज झिरपते. अखंड पाषाणात ते जवळजवळ शिरतच नाही, पण त्याच पाषाणाला उभी भेग पडलेली असली तर तेच पाणी एका पावसाळ्यात मोठा पल्ला गाठते. चिकणमातीने भरलेला गेरूचा पट्टा पाण्याला खाली जाऊ देत नाही, म्हणून ते त्याच्या माथ्यावरून आडवे सरकत दूरच्या एखाद्या विहिरीच्या झऱ्यात प्रकट होते. म्हणून डेपोच्या भिंतीला लागून असलेली एखादी विहीर वर्षानुवर्षे निर्मळ राहावी आणि तिच्याहून पुष्कळ लांबच्या विहिरीचे पाणी मात्र बिघडावे, हे या प्रदेशात अगदी संभवनीय आहे. आणि जवळच्या विहिरीचा एक चांगला दाखला दाखवून सगळ्या शिवाराला निर्दोष ठरविणे हे शास्त्राला धरून नाही. त्यातच गेल्या काही दशकांत खोल खोल कूपनलिका घेण्याचा प्रघात पडला. जेथे कूपनलिकेच्या वरच्या भागात पक्के केसिंग बसवून भोवतीची जागा सिमेंटने बंद केलेली नसते, तेथे निसर्गाने वेगळे ठेवलेले वरचे दूषित पाणी आणि खालचे स्वच्छ पाणी या छिद्रातून एकमेकांस भेटतात. डेपोभोवती अशा किती कूपनलिका आहेत, किती वापरात आहेत आणि किती टाकून दिलेल्या आहेत, याची यादी करणे हे देखरेखीचे पहिले कलम असावे.

पाणी कोणत्या दिशेने वाहते हे जमिनीचा उतार पाहून सांगता येईल असे अनेकांना वाटते, आणि उतार मुळामुठेकडे आहे म्हणून पाणीही तिकडेच जाणार असे गृहीत धरले जाते. भूजलाला उताराचे हे बंधन पुष्कळ अंशी असते, संपूर्णपणे नसते. फ्रान्समधील दीजों शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करणारा अभियंता हेन्री डार्सी याने १८५६ मध्ये जो नियम प्रसिद्ध केला, त्याचे सार असे की वाळूसारख्या सच्छिद्र माध्यमातून पाणी वाहते ते दोन ठिकाणच्या जलपातळीतील फरकाच्या आणि त्या माध्यमाच्या पार्यतेच्या प्रमाणात. म्हणून दिशा जाणण्यासाठी जमिनीची उंची नव्हे तर पाण्याची उंची मोजावी लागते. समजा, एका विहिरीचा कठडा समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे आणि पाणी कठड्यापासून ८ मीटर खाली आहे. दुसरीचा कठडा ५५६ मीटरवर आणि पाणी ६ मीटर खाली. दुसऱ्या विहिरीत वाकून पाहणाऱ्याला पाणी जवळ दिसेल आणि तेथेच पाण्याचा जोर अधिक असे वाटेल. पण पहिल्या विहिरीतील पाण्याची उंची ५५२ आणि दुसरीतील ५५० मीटर असल्यामुळे ओढ पहिलीकडून दुसरीकडेच राहील. अशा निदान तीन विहिरी, त्याही एका रेषेत नसलेल्या, घेतल्या तर दिशेचा ढोबळ अंदाज येतो. डेपोभोवतीच्या भेगाळ खडकात मात्र त्यांची संख्या पुष्कळ अधिक हवी, आणि प्रत्येक कठड्याची उंची भूमापनाच्या पद्धतीने एकदा पक्की ठरवून त्यावर खूण कोरून ठेवलेली हवी. ही मोजणी करणारा अनुभवी कर्मचारी पोलादी फितीच्या टोकाकडचा भाग खडूने माखतो, ती फीत विहिरीत सोडून खुणेशी धरलेला आकडा टिपतो, आणि वर ओढल्यावर ओल्या-कोरड्या खडूची सीमा पाहून तो आकडा वजा करतो. पुन्हा एकदा तेच करून दोन्ही आकडे जुळले तरच नोंदवहीत लिहितो. या कामाला फार मोठा खर्च लागत नाही. लागतो तो नियमितपणा, आणि ज्याचे नाव नोंदीखाली असेल अशा माणसाची जबाबदारी.

ऋतुमानाप्रमाणे भूजलाच्या प्रवाहाची ही दिशा बदलते. पावसाळ्याअखेरीस विहिरी भरतात, मे महिन्यात तळ गाठतात. कोठे एकाच बागायतदाराचा पंप दिवसभर चालला तर आसपासचे पाणी तिकडे ओढले जाते. फुरसुंगीच्या परिसरातून मुठेचा उजवा कालवा जातो. त्याला आवर्तन सुटले की पाझराने जवळच्या विहिरींची पातळी वाढते आणि पाणी पातळ होऊन दोष झाकला जातो, आवर्तन बंद झाले की तोच दोष पुन्हा वर येतो. कालवा वाहता असताना घेतलेला एखादाच नमुना दाखवून पाणी सुधारल्याचा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे. नमुन्याच्या तारखेशेजारी त्या दिवशी कालवा वाहत होता की नाही आणि मागील पंधरवड्यात पाऊस किती झाला, ही दोन टिपणे नसतील तर त्या आकड्याचा अर्थ लावताच येणार नाही.

गुणवत्तेच्या तपासणीविषयीही थोडे तपशीलवार लिहितो, कारण प्रयोगशाळेचा दाखला कितीही सुबक छापलेला असला तरी बाटली भरतानाच चूक झाली असेल तर तो व्यर्थ आहे. निरीक्षणासाठी घेतलेल्या नळीत साचून राहिलेले पाणी खडकातील पाणी नव्हे. म्हणून त्या नळीतील पाण्याच्या सुमारे तिप्पट पाणी आधी उपसून टाकावे लागते, आणि उपसत असतानाच तापमान, सामू आणि विद्युतवाहकता मोजत राहून ती स्थिर झाल्यावरच नमुना घ्यावा लागतो. धातूंसाठीची बाटली निराळी: पाणी बारीक गाळणीतून गाळून त्यात नायट्रिक आम्लाचे काही थेंब घालतात, नाहीतर विरघळलेले लोखंड हवेच्या संपर्काने गंजासारखे बाटलीच्या तळाशी बसते, इतर धातूंनाही आपल्याबरोबर ओढते, आणि प्रयोगशाळेला पाणी आहे त्याहून निर्दोष दिसते. अमोनियाची बाटली बर्फात ठेवून त्वरेने पोहोचवावी लागते. बाटली कोणी भरली, कोणी नेली, कोणी स्वीकारली, याची सही-शिक्क्यासह साखळी असावी लागते. पंचनाम्याला जी काटेकोर शिस्त आपण लावतो, तीच येथे लावली पाहिजे, कारण या बाटलीवर एखाद्या कुटुंबाचा पाण्याचा हक्क अवलंबून असतो.

काय मोजावे, याचाही विवेक हवा. क्लोराइड हा या कामी सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे. तो मातीला चिकटत नाही, जंतूंनी नष्ट होत नाही, पाण्याच्या वेगानेच पुढे जातो, म्हणून लीचेटची चाहूल प्रथम त्याच्या वाढीतून लागते. नुसते नायट्रेट वाढलेले दिसले तर ते शेतातील खतांचे किंवा शौचालयाच्या खड्ड्यांचे असू शकते. पण क्लोराइड, अमोनिया, पोटॅशियम आणि सेंद्रिय भार ही सारी एकत्र वाढलेली आणि डेपोच्या वरच्या अंगाला असलेल्या विहिरीत मात्र ती नसलेली आढळली, तर बोट कोठे दाखवायचे याविषयी संदेह उरत नाही. याच कारणाने वरच्या अंगाची, कचऱ्याचा स्पर्श न झालेली एक तरी विहीर या व्यवस्थेत असलीच पाहिजे. तिच्यावाचून बाकीच्या आकड्यांना तुलनेचा आधार मिळत नाही, आणि दोष कचऱ्याचा की गावाच्या सांडपाण्याचा, हा वाद वर्षानुवर्षे दोन्ही बाजूंनी चालू राहतो.

कायद्याने या गोष्टी सांगितलेल्या नाहीत असे नाही. २००० च्या नियमांत आणि पुढे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत स्पष्ट म्हटले होते की कचरा भरण्याची जागा सुरू करण्यापूर्वी तेथील भूजलाची मूळ स्थिती नोंदवून ठेवावी, आणि नंतर त्या जागेच्या सीमेपासून ५० मीटरांच्या आतील भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतरचा काळ अशा निरनिराळ्या ऋतूंत तपासावे. तळाशी ९० सेंटिमीटर जाडीचा चिकणमातीचा थर आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे अस्तर असावे, भूजलाची उच्चतम पातळी या थराच्या तळापासून निदान दोन मीटर खाली असावी, आणि जागा बंद केल्यानंतरही निदान १५ वर्षे देखरेख चालू ठेवावी, अशी कलमे त्यांत होती. उरुळीत कचरा पडू लागला तो या नियमांच्या आधी. जुन्या ढिगाऱ्यांखाली असे अस्तर घालण्याची सक्ती तेव्हा नव्हती. म्हणजे ज्या ठिकाणी अस्तराचा अडसर नाही तेथेच देखरेखीची गरज सर्वांत मोठी आहे. शिवाय, ५० मीटरांची ही हद्द कमीत कमी मर्यादा समजावी, कारण भेगाळ पाषाणातील पाणी ५० मीटरांवर थांबण्यास बांधलेले नाही. मानकांचीही तीच गोष्ट: २०१६ च्या नियमांतील तक्त्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम होती, तर पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ती ०.०१ आहे. ज्या विहिरीचे पाणी माणसे पितात तिला पिण्याच्या पाण्याचेच माप लावले पाहिजे; नियमांचे पालन झाले असे लिहून पाचपट सैल मापाने तिला उत्तीर्ण करणे न्याय्य नव्हे.

आता सध्या चालू असलेल्या कामाकडे वळतो. जुना ढीग उकरला म्हणजे त्याच्यावरचे आच्छादन जाते, आतला भाग उघडा पडतो, आणि त्याच अवस्थेत पावसाळा आला तर ज्या कचऱ्यात आजवर पाणी बेताने शिरत होते त्यात ते मोकळेपणाने शिरते. म्हणजे डोंगर हटविण्याची वर्षे ही भूजलाच्या दृष्टीने निर्धास्त राहण्याची नसून विशेष सावध राहण्याची वर्षे आहेत. आणि डोंगर समूळ गेल्यावरही मुरमात व भेगांत शिरलेले क्षार आणि अमोनिया त्याच दिवशी नाहीसे होत नाहीत. पावसाचे ताजे पाणी त्यांना हळूहळू धुऊन काढील, पण त्याला किती वर्षे लागतील ते मोजल्यानेच कळेल. शेवटची गाडी भरून गेल्याच्या दिवशी देखरेखीची निविदा संपुष्टात आली, असे कृपा करून होऊ देऊ नका.

एक अडचण हद्दीची आहे. ही गावे २०१७ मध्ये महानगरपालिकेत आली आणि पुढे त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. तेव्हा डेपो एका संस्थेचा, विहिरी दुसऱ्या संस्थेच्या हद्दीत, प्रदूषणाचा विषय महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आणि भूजलाचे ज्ञान भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे, अशी ही विभागणी आहे. कागदांच्या या वाटणीत ग्रामस्थाचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. परंतु कचरा पुण्याचा होता. हद्द कोठेही आखली गेली असली तरी त्या कचऱ्याखालून निघालेल्या पाण्याचे दायित्व पुणे शहराचेच राहते, आणि शहराचे प्रमुख प्रशासक या नात्याने त्याचा पुढाकार आपणच घेतला पाहिजे.

म्हणून माझी आपणांस विनंती अशी. डेपोच्या चोहोबाजूंनी, वरच्या अंगालाही, निरनिराळ्या खोलीच्या खास निरीक्षण विहिरी घ्याव्यात, आणि त्यांची जागा कुंपण पाहून न ठरविता खडकाच्या भेगा व पाण्याची दिशा तपासून ठरवावी. त्यासाठी राज्यभर विहिरींच्या पातळ्यांची नोंद ठेवणाऱ्या आणि याच शहरात मुख्यालय असलेल्या भूजल यंत्रणेचे साहाय्य घ्यावे. पातळी दरमहा मोजावी, गुणवत्ता निदान तिन्ही ऋतूंत तपासावी, आणि नमुने घेताना दोन्ही गावांचे प्रतिनिधी हजर असावेत. त्यांना हवा असल्यास त्याच पाण्याची जोड-बाटली त्यांच्या स्वाधीन करावी. प्रत्येक अहवाल मराठीत, सर्व आकड्यांसह, नगरपरिषदेच्या कचेरीत आणि गावाच्या चावडीवर लावावा, आणि ज्या विहिरीचे पाणी अपायकारक ठरेल तिच्या मालकाला लेखी दाखला द्यावा, म्हणजे पर्यायी पाण्याची मागणी करताना त्याला हात जोडावे लागणार नाहीत. कचरा पूर्णपणे हटल्यानंतर निदान १५ वर्षे पुरेल एवढी रक्कम या कामासाठी आजच निराळी राखून ठेवावी, जेणेकरून पुढील अंदाजपत्रकांच्या ओढाताणीत तिच्यावर कात्री चालणार नाही.

उरुळी आणि फुरसुंगी येथील लोकांनी पुणे शहर स्वच्छ राहावे म्हणून आपल्या विहिरी गमावल्या. त्या विहिरी पूर्ववत करून देण्याचे वचन आज कोणी देऊ शकणार नाही. परंतु त्यांत काय आहे हे खरेखरे मोजून, काही न लपविता त्यांना सांगणे ही गोष्ट सर्वस्वी आपल्या हातची आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी पहिली मोजणी व्हावी आणि तिचे आकडे गावाच्या चावडीवर लागावेत, ही आग्रहाची विनंती.



आपला,
पुणे शहरातील एक करदाता नागरिक